निघून गेलेल्या घरांच्या बाई

लिहायला बसलो खरा, पण टेंबे बाईंवर लिहिणारा मी कोण, हा प्रश्न आधी मलाच पडला आहे. मी त्यांचा नातेवाईक नाही, बरोबरीचा विद्वान तर मुळीच नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अशा माणसानं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या शिकल्यासवरल्या वाचकांपुढं एका अर्थशास्त्रज्ञ बाईंबद्दल बोलणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. त्याबद्दल आधीच माफी मागतो. दुसरी माफी याची, की अशा लेखात दुःख असावं अशी रीत आहे. माझ्या मनात ते आहेही, पण दुधावर मेलेली माशी तरंगावी तशी त्याच्यावर किळस तरंगते आहे. ती बाजूला काढून लिहावं म्हणून दोनदा बसलो. जमलं नाही. बाई ज्या संस्थेत काम करत होत्या, तिथल्या फलकावर त्यांच्या शोकसभेचा ठराव लावलेला आहे. ‘मावळातील भातयोजनेचे यश आपल्या पाहणीतून सिद्ध करणाऱ्या विदुषी’ असं त्यात म्हटलं आहे. बाईंनी ते कधीच सिद्ध केलं नव्हतं. ते खोटं आहे, असं त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. माणसानं थुंकून टाकलेला घास तो मेल्यावर पुन्हा त्याच्याच तोंडात कोंबावा, तसं ते वाक्य आहे. म्हणून लिहितो...

मी कुरवंड्याचा. लोणावळ्याहून नागफणीच्या कड्याकडं निघालं की आमचं गाव लागतं. गावात आमची थोडी भातखाचरं आहेत, आणि गावाच्या वर, चढण संपते तिथं, ठाकरवाडी आहे. सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. सरकारनं मावळात सुधारलेल्या भातलागवडीची योजना आणली होती. नवं बियाणं, खत, ओळीत लावणी. तिचा लोकांना खरोखर फायदा होतो का, हे बघण्याचं काम पुण्याच्या एका संस्थेकडं आलं आणि तिथून टेंबे बाई आमच्याकडं आल्या. जाड भिंगांचा चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट, नऊवारी नेसलेल्या आमच्या बायकांच्या घोळक्यात एकटीच गोल पातळातली बाई. त्यांची रीत वेगळी होती. एकदा येऊन, माहिती घेऊन त्या गेल्या नाहीत. दरवर्षी त्याच घरांत त्या परत येत आणि तेच प्रश्न विचारत. त्यातला मुख्य प्रश्न अगदी साधा होता : घरचं भात कुठवर पुरतं? आमची माणसं महिने सांगत नाहीत, सण सांगतात. कुणी म्हणे शिमग्यापर्यंत, कुणी म्हणे आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. आखितीच्या पुढं आवणीपर्यंत, म्हणजे पावसातल्या भातलावणीपर्यंत, ज्याचं भात पुरे, तो वाडीत सावकारच.

दुसऱ्या वर्षी त्या आमच्या ओटीवर येऊन बसल्या तेव्हा माझे वडील, आबा, म्हणाले, “बाई, गेल्या साली बी ह्येच इच्यारलं की तुमी. इसरला का काय?”

“विसरले नाही, आबा. तुम्ही बदललात का ते बघायला आले.”

“मी कशाचा बदलतोय! ही बदलती का बगा,” असं म्हणून आबांनी आत बोट केलं.

आई चुलीपासूनच म्हणाली, “मी बदलले आसते तर तुमी कवाच उपाशी मेला आसता.”

बाई मनापासून हसल्या. त्या दिवशी मी सुट्टीवर घरी होतो. माझ्याशी दोन शब्द बोलून त्या म्हणाल्या, “तुला इथलं बोलणं कळतं आणि लिहिणंही कळतं. सुट्टीत माझ्याकडं काम कर.” मी पाहणीत अन्वेषक, म्हणजे घरोघरी माहिती टिपणारा, झालो तो असा. पण मला त्यांची रीत काही पटेना. वर्गात आमचे सर दोन गावांची तुलना शिकवत. एका गावात योजना आहे, दुसऱ्यात नाही, मग फरक बघा. बाई मात्र पुन्हा पुन्हा त्याच घरांत. एकदा लोणावळ्याच्या बाजारात वाण्याच्या दुकानी आम्ही उभे असताना मी चाचरत ते विचारलं. बाईंनी समोरच्या तागडीकडं बोट केलं. “हिला पासंग आहे बघ. रिकामी असतानाच एक पारडं खाली जातंय.”

वाणी कासावीस झाला. “अहो बाई, गिऱ्हाइकांसमोर काय हे बोलणं!”

“राहू दे हो, सगळ्यांच्याच तागडीला असतो,” म्हणून बाई माझ्याकडं वळल्या. “दोन दुकानांत तोललेल्या मालात फरक आला तर तो मालाचा की तागड्यांचा, हे कळत नाही. पण ह्याच तागडीत आज तोललं आणि पुढच्या वर्षी तोललं, तर पासंग दोन्ही वेळा तेवढाच. वजाबाकीत उडून जातो. घराचं तसंच आहे. कुणाचं खाचर ओढ्याकाठी, कुणाचं कातळावर. कुणी मरमर काम करतो, कुणी झोपा काढतो. हे सगळं मला मोजता येत नाही, पण ते दरवर्षी साधारण तेच असतं. म्हणून घराची तुलना शेजाऱ्याशी नाही करायची. त्याच्याच मागच्या वर्षाशी करायची. मग जो फरक उरतो, त्यात योजना शोधायची.”

“आणि तागडीच दुकानातून गेली तर?” मी विचारलं.

“तर ती शोधायची. तिच्या जागी दुसरी आणून टांगायची नाही.”

पुढं जे काही झालं ते सगळं ह्या एका वाक्यापाशी येऊन अडलं, म्हणून ते मी इथं लिहून ठेवतो.

बाईंचा आणखी एक नियम होता, तो लोकांना आवडत नसे. घरात गेलं की मागच्या खेपेला त्या घरात जेवढी माणसं होती तेवढ्या सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येकापुढं थांबायचं. तो इथं आहे का? नसला तर कुठं गेला? ठाकरवाडीत गोमा आणि हिरा यांचं घर होतं. गोमा कमी बोलायचा, हिरा दोघांचं बोलायची. बाईंनी नावं वाचली, गोमा, हिरा, मग थोरला मुलगा, मग “भागी”... आणि हिरा एकदम उसळली. “मेलेल्याचं नाव कशापायी घेता? आँ? पोर पावसात गेली माजी. तुमच्या कागदाला काय चाटायचंय तिचं नाव?” मला तिथून पळून जावंसं वाटलं. बाई मात्र बसून राहिल्या. हळूच म्हणाल्या, “नाव वाचलं नाही तर ती कधी नव्हतीच असं होईल, हिराबाई. मला तसं करायचं नाही.” हिरानं डोळ्याला पदर लावला आणि मग तोंड फिरवून म्हणाली, “मंग लिवा. भात शिमग्याला सरलं. पावसात कंदं उकडून खाल्ली. त्यात गेली.” पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा एका नवीन अन्वेषकानं दयेपोटी भागीचं नाव गाळलं. तर हिराच म्हणाली, “ए दादा, माजी भागी वाचली न्हाई तू.”

पावसाळ्यात ठाकरवाडीसारख्या डोंगरवाड्यांना सरकार धान्य देत असे, त्याला आमच्याकडं खावटी म्हणतात. आवणीच्या दिवसांत अंगमेहनत सगळ्यात जास्त आणि घरात दाणा नाही, तेव्हा वाडीचा जीव त्या खावटीवर तगायचा. वरचे साहेब लोक म्हणत, योजनेनं भात वाढलं असेल तर खावटीची गरज काय? म्हणजे बाईंच्या पाहणीतून काय निघतं, ह्यावर वाडीचा पावसाळा टांगलेला होता. आणि नेमकी त्याच सुमाराला वाडीतली घरं बंद दिसायला लागली. एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी आणखी. दाराला काटेरी फांदी अडकवलेली, चुलीत राख थंड. ज्यांचं भात शिमग्यालाच सरायचं, तीच घरं निघून गेलेली. गोमा-हिराचंही.

संस्थेकडून लेखी सूचना आली : घर बंद आढळल्यास लगतचे घर घ्यावे. आमच्यातले काही जण खूश झाले. एकजण मला म्हणाला, “अरे दत्तू, कशाला रानात पाय मोडतोस? वाटेवरच्या पाटलाचं घर घे आणि मोकळा हो. तिथं चहासुद्धा मिळतो, दुधाचा.” वाटेवरचं घर म्हणजे ओढ्याकाठची खाचरं, आवणीपर्यंत पुरणारं भात. बाईंना हे कळलं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्या नुसतं “शी!” म्हणाल्या. डाळ निवडताना हाताला अळी लागावी तसं. मग म्हणाल्या, “लंगडी मेंढरं लांडग्यानं नेली आणि धनगर म्हणतो, कळप काय तगडा झालाय! घर म्हणजे भिंती नव्हेत, माणसं. माणसं जिथं गेली तिथं जायचं.”

मग आम्ही गेलो. त्यांनी मला माणूस शोधायला शिकवलं. आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग पाणवठ्यावरच्या बायकांना, मग गिरणीवाल्याला, आणि ज्याच्याकडं कुणाची वस्तू मागं राहिली असेल त्याला, कारण वस्तू मागं ठेवणारा निरोपही ठेवून जातो. काही घरं खंडाळ्याला रेल्वेच्या कामावर सापडली, काही तळेगावच्या बाजूला. सापडलेल्या प्रत्येक घरात बाईंनी नावं वाचली. गोमा-हिरा मात्र सापडत नव्हते. बाईंनी त्यांची ओळ मोकळी ठेवली.

अहवाल लिहायला संस्थेच्या संचालक साहेबांनी खंडाळ्याचा एक बंगला घेतला होता. कड्याकाठचा, व्हरांड्यातून सगळी दरी दिसणारा. पुण्याच्या उकाड्यात आकडे नीट जुळत नसावेत. मला कागदांचे गठ्ठे आणायला आणि बेरजा तपासायला बोलावलं होतं. दुपारी जेवणं चालली असताना साहेबांनी मसुदा वाचून दाखवला. पूर्वी मावळातल्या घरांचं भात सरासरीनं शिमग्यापर्यंत पुरत असे, आता ते आखितीच्या पुढं जातं, सबब योजना यशस्वी आहे आणि खावटी टप्प्याटप्प्यानं बंद करता येईल. बाई म्हणाल्या, “ह्यात लगतची घरं धरली आहेत. गेलेली काढून. मूळची घरं धरा, सरासरी जागची हलत नाही.” साहेब भात कालवत म्हणाले, “बाई, तुम्ही फार बारकाईत जाता. सापडत नाहीत ती माणसं मी कुठून आणू?” आणि ताटातला वास घेऊन, “वा! आंबेमोहोर तो आंबेमोहोर. मावळात यावं तर ह्यासाठी.”

बाईंना ते जेवण जाईना. हात धुवायला म्हणून त्या मागच्या दारी गेल्या, मीही गेलो. तिथं मोरीवर एक बाई आमचीच उष्टी भांडी राखेनं घासत होती. तिनं मान वर केली. हिरा होती... “बाई? तुमी हितं?” तिनं राखेचे हात तसेच जोडले. गोमा त्याच बंगल्यात पाणी भरत होता, माळीकाम करत होता. राहायला मागं पत्र्याची खोली. बाईंनी तिथंच, मोरीपाशी उकिडवं बसून, पाठ असलेली नावं म्हटली. गोमा. हिरा. थोरला. भागी. हिरानं एकेकाला उत्तर दिलं. “आन् भात?” तीच पुढं म्हणाली. “भाताचं न्हाई इच्यारत ह्या खेपेला? खाचर दिलं सोडून. आता कसलं शिमग्यापर्यंत आन् कसलं काय. ह्यांच्या ताटात उरतं तवर.”

बाई आत आल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, “सापडलं. न सापडणारं घर तुमची भांडी घासतंय. लिहून घ्या, ह्यांचं घरचं भात एक दिवसही पुरत नाही.” मला वाटलं, आता साहेब खजील होतील. मी तेव्हा फारच भाबडा होतो. साहेब म्हणाले, “अहो, पण ते आता कुरवंड्याचे रहिवासी कुठं आहेत? नमुन्याच्या बाहेर गेले.” मग दाराकडं बघून हाक मारली, “ए बाई, भात आण गं थोडा.” हिरा हात धुऊन भात घेऊन आली. जी ह्या कागदांतून पुसली जात होती, तिनंच तो वाढला आणि साहेबांनी मान वर न करता तो घेतला. बाकीचे पानात बघत जेवत राहिले. कुणाचा घास अडला नाही. त्या वासाची वाफ आजही मला सोसत नाही. घरी आंबेमोहोर शिजला की मी बाहेर जाऊन बसतो. बाई बाहेरच्या नळावर चुळा भरत होत्या, एकामागून एक. “जात नाही रे चव,” एवढंच त्या म्हणाल्या.

अहवाल छापून आला. पुढच्या पावसाळ्यात ठाकरवाडीची खावटी आली नाही. आबा चावडीवर विचारायला गेले, तर तिथं सांगितलं, पाहणीप्रमाणे तुमची वाडी सुधारली आहे. आबा घरी येऊन म्हणाले, “सुधारली म्हनं वाडी! वाडीला सांगाया पायजे, तिला ठावंच न्हाई.” वाडीतली आणखी माणसं त्या पावसात खाली उतरली. जी उतरली ती पुन्हा पाहणीच्या बाहेर गेली, म्हणजे वाडी कागदावर आणखी सुधारली... हे लिहितानाही मला शिसारी येते. चोर पकडता येतो. पण ज्याला उपाशी ठेवलं त्यालाच हिशेबातून काढलं, की उपास कुठं राहिला म्हणून विचारायचं कुणाला? बाईंनी वर कळवलं, पुन्हा पुन्हा कळवलं. अहवालावरचं आपलं नाव काढा, असंही त्यांनी संस्थेला सांगितलं. नाव सन्मानपूर्वक ठेवण्यात आलं, काम काढून घेण्यात आलं.

त्यानंतर बाई पुण्यात आपल्या खोलीत सगळं नव्यानं मांडायला बसल्या. सदाशिव पेठेत, इस्त्रीच्या दुकानावरची ती एकच खोली. जमिनीवर पसरलेले हातभर रुंद आखलेले कागद, एका ओळीत एक घर, आडव्या रकान्यांत वर्षं. हँडल फिरवायचं गणकयंत्र त्यांनी भाड्यानं आणलं होतं, ते खडखड वाजायला लागलं की खालून इस्त्रीवाला ओरडे, “बाई, गिरणी बंद करा, गिऱ्हाइकाचं ऐकू येत नाही!” आणि बाई वरून, “पीठ पडल्याशिवाय नाही!” मी कॉलेजातून तिथं जायचो. कुणी त्यांच्या कष्टांचं कौतुक केलं की त्यांना राग यायचा. “कौतुक नको. राहिलेली माणसं शोधून आण,” म्हणायच्या. मागून उतरलेलीही सगळी घरं सापडली की नवा हिशेब छापायचा आणि खावटीसाठी पुन्हा भांडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोकळी ओळ असलेला हिशेब त्यांना पुढं करायचा नव्हता. मला तेव्हा वाटायचं, एका-दोन घरांसाठी काय एवढं अडवून धरायचं? आता वाटतं, एक घर सोडलं असतं तर त्या आणि ते साहेब यांच्यात फरक कितीसा उरला असता.

ह्या पावसाळ्यात मी आवणीला गावी गेलो तेव्हा एकच घर राहिलं होतं. भाद्रपदात ते सापडलं, उर्श्याकडं, एका वीटभट्टीच्या आडोशाला. भट्टी बंद असली तरी उचल घेतलेली म्हणून मालकानं त्यांना सोडलं नव्हतं. मी सगळी नावं वाचली. दोन नावांपुढं नुसते आभाळाकडं हात झाले. मी लोणावळ्याला येऊन बाईंना कार्ड टाकलं : शेवटचं घर सापडलं, ओळ भरावी. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं मी दुसरं कार्ड लिहिलेलं नाही. काही दिवसांनी ते माझ्याच पत्त्यावर परत आलं. पोस्टमननं त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं होतं : घर सोडून गेले, पत्ता नाही.

मी पुण्याला गेलो. जिना चढून दार वाजवलं. एका अनोळखी बाईंनी उघडलं. मागं पाळणा टांगलेला, भिंतीला नवा रंग. मी टेंबे बाईंचं विचारलं. “आम्ही आलो तेव्हा खोली रिकामीच होती,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातले पाहणीचे कागद बघून चांगुलपणानं, “शिरगणतीचे का तुम्ही? मग आमचं लिहून घ्या ना. आता इथं आम्हीच राहतो.” तेवढ्यात माझी नजर आतल्या फळ्यांवर गेली. डब्यांखाली बाईंचे ते रुंद कागद अंथरले होते. “माळ्यावर सापडले. चांगला जाड कागद आहे,” त्या म्हणाल्या. हळदीच्या डब्याखाली ठाकरवाडीचा कागद होता. भागीचं नाव दिसत होतं. मी हात जोडून तो मागितला. त्या बाई भल्या होत्या. एकेक डबा उतरवून त्यांनी सगळे कागद झटकून मला दिले. ते आता माझ्याजवळ आहेत, डागांसकट, आणि शेवटची ओळ मी भरली आहे. ते कुणापुढं न्यायचे हे मला अजून ठाऊक नाही, पण न्यायचे आहेत.

शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं. मग बाईंनी शिकवल्याप्रमाणं, जिथं वस्तू मागं राहिली असेल तिथं विचारायचं म्हणून मी खाली इस्त्रीच्या दुकानात गेलो. फळीवर त्यांची दोन पातळं होती. राखी आणि निळं. इस्त्री करून, घडी घालून, वर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र ठेवलेलं. इस्त्रीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. “तुम्ही त्यांचे कोण?”

ह्याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं. मी नाव वाचल्यासारखं म्हटलं, “मागल्या खेपेला इथं टेंबे बाई होत्या. त्या कुठं गेल्या?”

त्यानं निखाऱ्यांची इस्त्री बाजूच्या फरशीवर ठेवली, हात पुसले. “कुठं जातील,” तो म्हणाला. “आषाढातच गेल्या हो त्या.”